चालकाची बैठक, वाहकाचा जिना

लंडनच्या दुमजली बसगाडीवर दोन कामगार असत. चालक दिवसभर बसून. वाहक दिवसभर जिना चढत-उतरत. रस्ता तोच, धूर तोच, पाळ्याही त्याच. माणसांवर असा प्रयोग करू म्हटले तर कोण करू देईल? इथे तो रस्त्यावर आयता मांडलेला होता. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी तो ओळखला, हेच त्यांचे मोठेपण.

सुमारे ३१,००० वाहतूक-कामगारांच्या आजारपणाच्या नोंदी त्यांनी सहकाऱ्यांसह तपासल्या व १९५३ साली निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापला : हृदयविकार वाहकांत कमी, आणि झालाच तर उशिरा व सौम्य.

नुकसानभरपाईच्या अर्जांवर ‘कामगाराची प्रकृतीच तशी’ हा शेरा मी इतक्यांदा वाचला आहे की, मला लगेच शंका आली. मुळात स्थूल माणसेच चालक होत असतील तर? मॉरिसनाही ती आली होती. १९५६ साली त्यांनी काय पाहावे? गणवेशाच्या विजारींची मापे! चालकांची कंबर खरोखरच मोठी निघाली, तरुणपणीसुद्धा. शेऱ्यात तथ्य होते म्हणायचे. पण सडपातळांची सडपातळांशी आणि स्थूलांची स्थूलांशी तुलना केली, तरी हृदयविकाराने अकस्मात मरणारे चालकांतच अधिक.

बैठक नव्हे, रहदारीचा ताण मारतो, असेही कुणी म्हणेल. त्यासाठी टपालखाते पाहावे लागते. तेथे रहदारीचा प्रश्न नाही. तरी पत्रे वाटीत हिंडणाऱ्यांपेक्षा टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांतच हा विकार जास्त आढळला.