जुन्या चुलीवरची शिदोरी

मुंबईहून आमच्या नाशिक रोडला आलेली गाडी तशीच पुढे भुसावळकडे, दिल्लीकडे निघून जाते. प्रवाशाला डबा बदलावा लागत नाही, कारण दोन रुळांमधलं अंतर सगळीकडे एकच, १६७६ मिलिमीटर. एके काळी मात्र याच स्टेशनापासून नाशिक गावात घोड्यांची ट्राम जायची. तिचे रूळ अरुंद. म्हणजे गाडीतून उतरा, सामान उचला, पुन्हा चढा!

लिनक्सच्या जगातही अशीच उतर-चढ होती. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेल्या या मोफत प्रणालीची आज उबुंटू, डेबियन, फेडोरा अशी अनेक घराणी आहेत. पायथन भाषेतला साधा प्रोग्राम या सगळ्यांकडे चालतो. पण मोठी आकडेमोड करणारे ‘नमपाय’सारखे संच बरेचसे सी भाषेत लिहिलेले असतात. ते आधी यंत्राच्या बोलीत उतरवावे, म्हणजे कंपाइल करावे लागतात. एका घराण्यात कंपाइल केलेलं दुसरीकडे चालेलच, असं नसे. मग ज्याला हवं त्याने ते घरीच करावं! शेजारची इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी जुन्या संगणकावर हा खटाटोप करताना मी पाहिली आहे. तासभर अक्षरं धावली, शेवटी चूक दाखवणारी ओळ आली. तिचं खरं गणित सुरूच झालं नाही.

पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केलेलं ‘मायावी’ हे त्रिमिती चित्रांचं साधन ‘व्हीटीके’ या प्रचंड संचावर उभं आहे. तो घरी कंपाइल करायला सांगणं म्हणजे जेवायला बोलावून पाहुण्यालाच चूल मांडायला लावणं.

२०१६ साली रॉबर्ट मॅकगिबन आणि नॅथनिएल स्मिथ यांनी ‘मेनीलिनक्स’ हा उपाय मांडला. संच कंपाइल करायचा तो २००७ सालच्या ‘सेंटओएस ५’वर! गंमत वाटेल, पण बहुतेक लिनक्सच्या तळाशी ‘जीलिबसी’ नावाचा एक पाया असतो. नव्या पायाला जुनी बोली कळते, जुन्याला नवी कळत नाही. आजीचे शब्द नातीला समजतात, नातीचे सगळेच आजीला समजत नाहीत, तसंच हे. शिवाय ‘ऑडिटव्हील’ हे साधन संचाला लागणाऱ्या इतर वस्तू तपासून गाठोड्यातच बांधून देतं. शिदोरी बरोबर, वाटेत मागायचं ते फक्त पाणी.

या सोयीची किंमतही आहे. शिदोरीतली वस्तू सदोष निघाली, तर यजमानाच्या घरची दुरुस्ती तिला लागू होत नाही. गाठोडं बांधणाऱ्यानेच नवं पाठवावं लागतं. आणि जुनी चूल कायम पेटती राहत नाही. सेंटओएस ५ची देखभाल २०१७ साली थांबली, ६ची २०२० साली, ७ची जून २०२४ मध्ये. पाया असा वर सरकला की काही जुने संगणक मागे राहतात, आणि ते बहुधा नवा घेणं न परवडणाऱ्यांचे असतात.

म्हणून कोणता पाया धरायचा, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. गाडीत कोणाला घ्यायचं आणि फलाटावर कोणाला ठेवायचं, हे त्यातच ठरत असतं.