गृहबांधणी कंपनीतील कर्मचाऱ्यांची कामाविषयीची धारणा : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

कर्मचारी-समाधान हा वाणिज्य व व्यवस्थापनशास्त्रातील रुळलेला अभ्यासविषय होय. बँक, साखर कारखाना किंवा औद्योगिक वसाहतीतील कारखाना येथे प्रश्नावली कोणाच्या हाती द्यावी, याविषयी फारसा संभ्रम नसतो. हजेरीपटावर नाव असलेली व्यक्ती म्हणजे कर्मचारी. गृहबांधणी कंपनीचे तसे नाही. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) शहराची सावेडी-केडगावकडील वाढ, शिर्डी, संगमनेर, श्रीरामपूर येथील सदनिका व बंगल्यांच्या योजना ज्यांच्या श्रमातून उभ्या राहतात, त्यांपैकी बहुतेकांचे नाव कंपनीच्या कोणत्याही वहीत आढळत नाही. त्यामुळे 'येथे काम करणे कसे वाटते?' या प्रश्नापूर्वी 'येथे काम कोण करते?' हा प्रश्न सोडवावा लागतो.

हर्झबर्गचा सिद्धांत व त्याची मर्यादा

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेला द्विघटक सिद्धांत या संदर्भात वारंवार वापरला जातो. वेतन, पर्यवेक्षण, नोकरीची शाश्वती हे आरोग्यविषयक घटक; त्यांच्या अभावी असंतोष वाढतो, परंतु केवळ त्यांच्या असण्याने समाधान लाभत नाही. कार्यसिद्धी, मान्यता, जबाबदारी हे प्रेरक घटक होत. हा सिद्धांत पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवर आधारलेला होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. त्यात गवंडी नव्हता.

कार्यालयातील कर्मचारी

साइट इंजिनिअर, पर्यवेक्षक, हिशेबनीस व विक्री प्रतिनिधी यांना हा सिद्धांत बऱ्याच अंशी लागू पडतो. इमारत डोळ्यांदेखत उभी राहते आणि तिच्याकडे बोट दाखविता येते, हे समाधान या व्यवसायात मोठे आहे. असंतोषाचे मूळ बहुधा पैशाच्या चक्रात असते. ग्राहकाचा हप्ता स्लॅबच्या टप्प्याशी जोडलेला असतो. वाळूचे लिलाव थांबले किंवा सेंट्रिंगची टोळी गावी गेली की स्लॅब लांबतो, हप्ता अडकतो आणि पगारही पुढे जातो. विक्री प्रतिनिधीची मिळकत तर बुकिंगवरच अवलंबून असते. १ मे २०१७ पासून कार्यरत असलेल्या महारेराच्या चौकटीत ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक आहे. परंतु ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेला प्रकल्प नोंदणीतून वगळला जातो आणि तालुक्याच्या गावी असेच प्रकल्प पुष्कळ. भविष्यनिर्वाह निधीची सक्तीही सामान्यतः २० कर्मचाऱ्यांपासून सुरू होते. आठ-दहा जणांच्या कार्यालयातील तरुण इंजिनिअर सरकारी भरतीच्या जाहिरातींकडे डोळे लावून बसतो, ते केवळ पगाराच्या आकड्यामुळे नव्हे.

मुकादमाची माणसे

गवंडी, सेंट्रिंगवाला, फरशीवाला, बिगारी यांचा करार कंपनीशी नसून ठेकेदाराशी, व बहुधा तोंडी असतो. पाथर्डी, शेवगाव भागातील मजुरांना ही रीत नवी नाही. ऊसतोडीतही उचल आणि मुकादम हेच नाते असते. अशा कामगारास कंपनीविषयी विचारल्यास तो मुकादमाविषयी बोलतो : उचल वेळेवर दिली का, शनिवारी पगार झाला का, पडल्यावर दवाखान्यात कोणी नेले. कंपनीचे नाव त्याच्या दृष्टीने फलकावरचे नाव असते. गवंड्याच्या कौशल्यास मान्यता असते, परंतु तीही ठेकेदाराकडून. घर घेणाऱ्यास तो दिसतच नाही. स्त्री बिगारी बहुधा पतीसोबत 'जोडी'ने कामावर येते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पाळणाघराची सक्ती पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या जागीच होती. चारमजली इमारतीच्या कामावर हा आकडा गाठला जाणे कठीण, म्हणून मूल वाळूच्या ढिगाऱ्यावरच खेळते.

नोंदणीचा प्रश्न

या कायद्यान्वये महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये झाले व कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून मंडळाचा निधी उभा राहिला. नोंदणीसाठी मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते मालकाने किंवा ठेकेदाराने द्यावे, अथवा ग्रामसेवक वा पालिकेच्या अधिकाऱ्याने. तोंडी कराराच्या कामगारास हा कागद मिळविणे हेच एक काम होऊन बसते. ठेकेदार सही करण्यास कचरतो, कारण सही म्हणजे नात्याची कबुली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात शासनाने नोंदणीकृत बांधकाम कामगारांना प्रत्येकी २,००० रुपये देण्याचे ठरविले, तेव्हा ज्याच्याजवळ हा कागद नव्हता तो त्या रकमेस मुकला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या व १९९६ चा कायदा त्यांत विलीन झाला. दहापेक्षा कमी कामगारांचे काम वगळण्याची तरतूद मात्र राहिली. स्वतःच्या राहत्या घराच्या सवलतीची खर्चमर्यादा तर १० लाखांवरून ५० लाख रुपयांवर गेली. जिल्ह्यातील बंगल्यांची बरीच कामे या मर्यादेच्या आत बसतात.

प्रकल्प-अहवालासाठी विद्यार्थ्यांना गृहबांधणी कंपनीत पाठविणाऱ्या मार्गदर्शकांनी म्हणून नमुना निवडीचा विचार प्रथम करावयास हवा. कार्यालयात भरून घेतलेल्या पन्नास प्रश्नावल्यांवरून निघणारी समाधानाची टक्केवारी ही त्या कार्यालयाची असते. उरलेली माणसे सकाळी आठच्या सुमारास मजूर अड्ड्यावर, हातात डबा घेऊन उभी असतात, आणि त्यांना प्रश्न वाचून दाखवावे लागतात.