खोट्या चिठ्ठीने हरवलेला पिंगळा

मेळघाटात सफारीला निघालेल्या जिप्सीतल्या बहुतेकांचे डोळे रस्त्याच्या धुळीत वाघाच्या पावलांचे ठसे शोधत असतात. त्याच वेळी वर, पानं झडलेल्या सागाच्या शेंड्यावर, सकाळच्या उन्हात वीतभर उंचीचं एक घुबड राजरोस बसलेलं असू शकतं. हा रानपिंगळा. वाघ भारताबाहेरही आहे. रानपिंगळा भारत सोडून जगात कुठेच नाही.

१८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नमुना मिळवणाऱ्या ब्लेविट यांचं नाव त्याला दिलं. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात आणखी काही पक्षी टिपले. १८८४ नंतर मात्र नवा नमुना मिळाला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून पेंढा भरलेले जेमतेम सात पक्षी, एवढाच पुरावा उरला.

अपवाद एकच. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातल्या नमुन्याला चिठ्ठी होती: गुजरातेतलं मांडवी, १९१४. साहजिकच शोध घेणारे तिकडे वळले आणि हात हलवत परतले. नव्वदच्या दशकात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हा नमुना बारकाईने तपासला. पक्ष्याचं कातडं सोलून भरण्याची प्रत्येक संग्राहकाची आपली हातोटी असते. इथे आतला भराव बदलून ओळख पुसायचा प्रयत्न झाला होता, तरी मूळ हात डेव्हिडसन यांचा आहे हे लपलं नाही. थोडक्यात, ब्रिटनच्या संग्रहालयातून नमुना चोरायचा, चिठ्ठी बदलायची आणि शोध आपल्या नावावर खपवायचा! माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात असे उद्योग पुढे बरेच उघडकीला आले.

मांडवी बाद झाल्यावर रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर सकाळी त्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. घुबड म्हणजे निशाचर, हा समज या पक्ष्याला लागू पडत नाही. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, किडे यांची शिकार तो बरीचशी दिवसाउजेडीच करतो.

ओळखायचा कसा? गावाकडचा नेहमीचा पिंगळा डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला असतो. रानपिंगळ्याचं डोकं मोठं आणि जवळपास बिनठिपक्यांचं, पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र, पंख-शेपटीवर रुंद ठळक पट्टे. उत्तेजित झाला की शेपटी झटकतो. एवढं लक्षात ठेवलं तरी दुर्बिणीतून गल्लत होत नाही.

पुढे तोरणमाळ, यावल आणि मध्य प्रदेशातही तो सापडला. मेळघाटात तर चांगल्या संख्येने. २०१४ मध्ये थेट मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात नोंद झाली. २०१८ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत त्याचं स्थान अतिसंकटग्रस्त गटातून संकटग्रस्त गटात आलं. हे त्याची संख्या वाढल्यामुळे नव्हे, तर नवी ठिकाणं कळल्यामुळे. ढोलीची जुनी झाडं तुटतात, वणवे लागतात, घुबडाभोवतीच्या अंधश्रद्धाही आहेतच. त्यात आता मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावणाऱ्या हौशी छायाचित्रकारांची भर पडली आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा विणीचा हंगाम असतो, आणि नेमका तोच आपला जंगलात जायचा हंगाम. अशा वेळी खोट्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यात नराचा वेळ जातो, आणि ढोलीतल्या मादीला व पिल्लांना खाऊ आणायचं काम तसंच राहतं.