आर्णीची निवडणूक : उमेदवारी, बंडखोरी आणि मतदार

विधानसभेची निवडणूक म्हटली कीं शहरांतील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांसमोर मोठाल्या सभा, वर्तमानपत्रांतील मथळे आणि निकालाच्या दिवशींचे आंकडे उभे राहतात. परंतु निवडणूक खऱ्या अर्थानें घडते ती अन्यत्र. ती पाहावयाची असल्यास यवतमाळ जिल्ह्यांतील आर्णीसारख्या ठिकाणीं जावें. अरुणावतीच्या कांठचें हें तालुक्याचें गांव. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा हमरस्ता येथूनच जातो. बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्याच्या यात्रेस सर्व धर्मांचे लोक जमतात. भोंवतालीं कापूस व सोयाबीन यांचीं शेतें, कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचे तांडे आणि गोंडांचीं गांवें पसरलेलीं आहेत.

आर्णी या नांवाचा विधानसभा-मतदारसंघ तसा नवाच. २००८ सालच्या पुनर्रचनेनें तो अस्तित्वांत आला आणि २००९ सालीं तेथें पहिली निवडणूक झाली. आर्णी, घाटंजी आणि केळापूर या तालुक्यांतील प्रदेश त्यांत येतो. जिल्हा यवतमाळ असला तरी लोकसभेसाठीं मात्र हा मतदारसंघ चंद्रपुराशीं जोडलेला आहे. म्हणजे येथील शेतकऱ्याचें कलेक्टर-कचेरींतील काम यवतमाळास, आणि त्याचा खासदार मात्र चंद्रपूर मतदारसंघाचा!

हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठीं राखीव आहे. या शब्दाविषयीं शहरांत पुष्कळदां गैरसमज आढळतो. राखीव असते ती उमेदवारी, मतदान नव्हे. राज्यघटनेच्या ३३२ व्या कलमान्वयें विधानसभांत अशा जागा ठेविलेल्या आहेत. उमेदवार राज्यांतील अनुसूचित जमातींपैकींच असला पाहिजे. परंतु मत देण्याचा अधिकार यादींत नांव असलेल्या प्रत्येकास सारखाच आहे. त्यामुळें उमेदवार गोंड असो वा कोलाम, त्यास बंजारा, कुणबी, दलित, मुसलमान अशा सर्वांच्या दारीं जावेंच लागतें. राखीव जागेचा हा एक गुण मानला पाहिजे. मात्र त्याचीच दुसरी बाजू अशी कीं, ज्यांच्यासाठीं जागा राखली त्यांचें गाऱ्हाणें इतरांच्या गलबल्यांत हरवण्याचा संभवहि तेथेंच असतो.

प्रचाराची पहिली लढाई मतदारापुढें होतच नाहीं. ती होते पक्षाच्या तिकिटासाठीं. पक्षाच्या वतीनें सही करण्याचा अधिकार कोणास आहे हें ‘ए’ फॉर्मांत लिहिलेलें असतें, आणि पक्षाचा उमेदवार कोण हें ‘बी’ फॉर्मांत. हे दोन कागद मुदतींत निवडणूक-अधिकाऱ्याच्या हातीं पडले नाहींत, तर वर्षानुवर्षें पक्षाचें काम केलेला मनुष्यहि कायद्याच्या दृष्टीनें त्या पक्षाचा उमेदवार ठरत नाहीं आणि त्यास पक्षाचें चिन्ह मिळत नाहीं. हे कागद कोणाच्या नांवें निघावयाचे, हें आर्णीच्या चावडींत ठरत नाहीं. तें मुंबईस किंवा दिल्लीस ठरतें.

गेल्या चार निवडणुकांचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे. २००९ सालीं काँग्रेसचे शिवाजीराव मोघे निवडून आले आणि राज्याचे सामाजिक न्यायमंत्री झाले. २०१४ सालीं भारतीय जनता पक्षाचे राजू तोडसाम यांनीं त्यांचा पराभव केला. २०१९ सालीं पक्षानें विद्यमान आमदार तोडसाम यांस वगळून संदीप धुर्वे यांस उमेदवारी दिली, तेव्हां तोडसाम अपक्ष म्हणून उभे राहिले. धुर्वे विजयी झाले खरे, परंतु मोघे यांच्यावर त्यांचें मताधिक्य सुमारें तीन हजारांचेंच होतें. तोडसाम यांस पडलेलीं मतें त्याच्या कित्येक पट होतीं. २०२४ सालीं चक्र उलट फिरलें. या वेळीं धुर्वे वगळले गेले, तोडसाम पक्षाचे उमेदवार झाले, आणि शिवाजीरावांचे पुत्र जितेंद्र मोघे यांचा पराभव करून विधानसभेंत गेले.

बंडखोरीचें गणित यावरून उमगतें. आपल्या पद्धतींत निम्म्याहून अधिक मतें मिळविण्याची अट नाहीं. सर्वांत अधिक मतें ज्यास पडलीं तो विजयी. म्हणून बंडखोर स्वतः निवडून येणारा नसला तरी, कोणास पाडावयाचें हें तो ठरवूं शकतो. अर्ज मागें घेण्याच्या दिवसापर्यंत जी मनधरणी चालते तिचें कारण हेंच.

प्रत्यक्ष प्रचार सुरू होतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. म्हणजे सोयाबीनची सवंगणी आणि कापसाची वेचणी ऐन भरांत असतांना. दिवसा घरीं कोणी सांपडत नाहीं. प्रचाराची गाडी भोंगा लावून फिरते, पण खरें बोलणें होतें तें सांजवेळीं ओट्यावर, नाहींतर आठवडी बाजारांत. तांड्यांत नाईकाचा शब्द मोलाचा असतो. पोडावर कोलामी बोलणारा कार्यकर्ता लांबलचक व्याख्यानापेक्षां अधिक काम करतो. खर्चासहि मर्यादा आहे. २०२२ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख रुपयांहून अधिक खर्च करतां येत नाहीं. मतदान संपण्यापूर्वीं ४८ तास जाहीर प्रचार बंद करावा लागतो.

या तालुक्यानें देशाचें लक्ष एकदां वेधून घेतलें होतें. २० मार्च २०१४ रोजीं, लोकसभा-निवडणुकीच्या तोंडावर, नरेंद्र मोदी यांनीं आर्णी तालुक्यांतील दाभडी या गांवीं शेतकऱ्यांशीं ‘चाय पे चर्चा’ केली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं यवतमाळ जिल्ह्याचें नांव दुःखद रीतीनें सर्वतोमुखीं झालेलें होतें. कर्ज आणि कापसाचा भाव हेच तेथील विषय. त्यानंतरच्या निवडणुकांत पत्रकार आणि विरोधी पक्ष दाभडीची वाट धरतात आणि त्या दिवशींच्या आश्वासनांचा हिशेब मागतात. व्यासपीठावरील शब्द हवेंत विरतो अशी पुढाऱ्यांची समजूत असते. गांव मात्र तो विसरत नाहीं.

मतदार भोळा असतो हा समजहि सोडून द्यावा. २०२४ च्या एप्रिलमध्यें ज्या चंद्रपूर मतदारसंघानें काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर यांस लोकसभेंत पाठविलें, त्यांतीलच आर्णीनें नोव्हेंबरमध्यें भाजपचा आमदार निवडला. दिल्लीचें मत आणि मुंबईचें मत तो वेगळें ठेवूं जाणतो.

उमेदवार कोण असावा हें मतदाराच्या हातीं फारसें नाहीं. परंतु सांजवेळीं ओट्यावर येऊन बसलेल्या उमेदवारास, मागल्या खेपेस दिलेल्या वचनाचें काय झालें, हें विचारणें त्याच्याच हातीं आहे. पऱ्हाटींतून दमून आलेला शेतकरी हा प्रश्न ज्या दिवशीं न चुकतां विचारील, त्या दिवशीं तिकीट वांटणाऱ्यांनाहि त्या ओट्याचा विचार करावा लागेल.