मावेल तेवढा मैदा

आईच्या वहीत नानकटाईचं माप असं आहे: तूप एक वाटी, पिठीसाखर एक वाटी, चिमूटभर सोडा, वेलदोडा आणि मावेल तेवढा मैदा. माझी सात वर्षांची लेक तिथेच अडली. "आजी, मावेल तेवढा म्हणजे किती गं?"

"तूपच सांगेल," म्हणत आईने परात तिच्यापुढे सरकवली.

आधी रवाळ, थिजलेलं तूप साखर घालून तळहाताने फेसायचं. दहा मिनिटांत पिवळं तूप पांढरंशुभ्र! "रंग कुठे गेला?" गेला कुठेच नाही, आत हवा आली. साखरेच्या कणांबरोबर ओढली गेलेली हवा तुपाच्या रव्यांमध्ये अडकते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे उजेड चहूकडे उधळतात. लाट फुटली की पाणी पांढरं दिसतं ना, तसंच. पातळ तुपात हे बुडबुडे टिकत नाहीत. तूप साधारण 35 अंशांच्या आसपास वितळतं आणि तळहाताची ऊब त्याच्या फार मागे नसते, म्हणून आई परातीखाली गार पाण्याचं ताट ठेवते. थर्मामीटर तिने तापाखेरीज कशालाच लावलेला नाही.

मग मैदा. लेक कणकेसारखं मळायला लागली, तर आई ओरडलीच, "मळू नकोस, नुसतं गोळा कर!" मैद्यातली प्रथिनं पाण्यात भिजून मळली गेली की चिवट जाळं धरतात. पोळीला ते हवंच असतं. इथे पाणी जवळजवळ नाही आणि कणाकणाला तूप माखलेलं, त्यामुळे जाळं जमतच नाही. करंजीच्या मोहनाचं गुपितही हेच. मूठ दाबली की गोळा राहतो आणि बोटाला चिकटत नाही, तेव्हा मैदा मावला. दर वेळी वाटी वेगळी भरते, पण मूठ तीच.

माझ्या लहानपणी घरात ओव्हन नव्हता. सगळं सामान पिशवीत घालून बेकरीत रांग लावायची आणि भट्टीतून आपले पत्रे निघेपर्यंत नजर हलवायची नाही. (एकदा आमची नानकटाई दुसऱ्याच्या डब्यात गेलीच, असं आई आजही म्हणते.)

आता लेक ओव्हनच्या काचेला नाक लावून उभी. आधी तूप वितळून गोळे बसके झाले. मग आत तापलेल्या सोड्याचा वायू फुगायला लागला, तोवर वरचा पापुद्रा वाळलेला, आणि तो तडकला! "आजी, भेगा पडल्या!" आईचा चेहरा खुलला. भेगा नसत्या, तर तिने ती नानकटाई पाहुण्यांपुढे ठेवली नसती.

भट्टीतून निघालेली नानकटाई मऊच असते. तूप थिजलं की ती खुसखुशीत होते. लेकीला एवढा धीर कुठला! तिने एकीवर अंगठा दाबला आणि चटका बसताच मागे घेतला. ठसा तसाच थिजला. आईने ती डब्यात सगळ्यात तळाशी ठेवली.