सहलीची लहान पिशवी

पौष महिना जवळ आला आणि सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं मुलांच्या तोंडांतून वाफा निघूं लागल्या, कीं आमच्या शाळेंत सहलीचीं बोलणीं सुरू होतात. कोठें जावयाचें, किती दिवस राहावयाचें, एस. टी. ची गाडी किती वाजतां निघणार, हे प्रश्न मुलें एकमेकांस दहा वेळां विचारतात. परंतु बरोबर काय न्यावयाचें व तें कसें भरावयाचें, हा प्रश्न बहुधा निघण्याच्या आदल्या रात्रीं उत्पन्न होतो, आणि तो सोडविण्याचें काम आईच्या वाट्यास येतें. कपड्यांचें एक वेळ ठीक आहे. घडी घातली म्हणजे ते बसतात. खरी तारांबळ उडते ती साबण, तेल, दंतमंजन, कंगवा अशा अंगस्वच्छतेच्या सामानाची. हें सामान दिसण्यांत लहान, पण सांडणारें, ओलें राहणारें व हमखास विसरलें जाणारें. त्याच्या पिशवीविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचा विचार आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. मलाही तो कांहीं वर्षांपूर्वीं तसाच वाटत होता. वेरूळ व दौलताबाद येथील चार दिवसांच्या सहलीसाठीं मीं मुलांस सामानाची यादी लिहून दिली. कोठून तरी पाहून उतरलेली ती यादी चांगली लांबलचक होती. अंगाचा साबण, तोंड धुण्याचें निराळें द्रव्य, शाम्पू, सुवासिक तेल, टूथपेस्ट, क्रीम, पावडर, असे पंधरा-सोळा जिन्नस तींत होते. दुसऱ्या दिवशीं एका मुलाचे वडील शाळेंत आले. ते दुसऱ्याच्या शेतावर मजुरीनें जाणारे गृहस्थ. यादी माझ्यापुढें ठेवून ते म्हणाले, "गुरुजी, वर्गणी कशीबशी भरली. पण हें सगळं आणायचं म्हणजे आणखी दोन-तीन दिवसांची मजुरी जाईल. पोराला यंदा राहूं द्या घरीं."

मला उत्तर सुचेना. ती यादी मीं पुन्हा वाचली, तेव्हां तिच्यांतील निम्म्याहून अधिक जिन्नस माझ्या स्वतःच्या पिशवींतही कधीं नसतात, हें माझ्या ध्यानांत आलें. मुलगा अखेर सहलीस आला. परंतु माझ्या लेखणीच्या निष्काळजीपणानें तो घरीं राहिला असता, ही गोष्ट मी विसरलों नाहीं. तेव्हांपासून ही लहान पिशवी मला मोठ्या विचाराची वस्तु वाटूं लागली.

स्वच्छतेस सामानाचा डोंगर लागत नाहीं, हें पाहण्यास आपणांस दूर जावयास नको. आषाढीच्या आधीं शेगांवच्या श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपुरास जातांना आपल्या परभणीवरून व पुढें गंगाखेडवरून जाते. एकंदर वाट ७०० किलोमीटरांहून अधिक व चालणें महिनाभराचें. तरीही पांढऱ्या स्वच्छ पोषाखांतील ती शिस्तबद्ध रांग आपण सर्वांनीं रस्त्याच्या कडेस उभें राहून पाहिली आहे. प्रभु येशूनेंही बारा शिष्यांस गांवोगांवीं धाडलें, तेव्हां वाटेसाठीं साठा करून घेऊं नका असेंच त्यांस बजावलें, हें शुभवर्तमानांत आपण वाचतों. वाटसरूचें ओझें हलकें असावें, हें दोन्हीकडचें सांगणें एकच आहे.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, काय न्यावें? चार दिवसांच्या सहलीस साबण, दांत घासण्याचा ब्रश, टूथपेस्ट अथवा दंतमंजन, डोक्याचें तेल, कंगवा आणि लवकर वाळणारा पातळ पंचा, एवढे सहा जिन्नस पुरतात. नखें घरींच कापून यावीं. ज्यास वैद्यानें औषध किंवा मलम लावून दिलें असेल त्यानें तें अवश्य घ्यावें. मातांनीं आपल्या मुलींच्या मासिक गरजेचें साहित्य, वेळ नसली तरीही, आठवणीनें बरोबर द्यावें. प्रवासाच्या दगदगीनें दिवस मागें-पुढें होतात. या सर्वांत साबण पहिला समजावा. जेवणापूर्वीं व शौचानंतर साबणानें हात धुण्याच्या संवयीनें अतिसाराचें प्रमाण सुमारें ३० टक्क्यांनीं कमी होतें, असें जगांतील अनेक पाहण्या एकत्र तपासून आढळलें आहे. सहलींत पन्नास मुलें एका पंगतीस बसतात. तेथें पावडर नसली तर कोणाचें कांहीं अडत नाहीं, पण साबण नसला तर सर्वांचें अडतें.

दुसरा प्रश्न, किती न्यावें? येथें अंकगणित उपयोगीं पडतें. दिवसांतून दोनदां दांत घासले तर चार दिवसांत आठ वेळां घासले जातात. प्रत्येक वेळीं फार तर १ ग्रॅम टूथपेस्ट लागते, म्हणजे एकंदर ८ ग्रॅम. तेल रोज एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर धरलें, तर चार दिवसांस २० मिलिलिटर. साबणाची १०० ग्रॅमची वडी एका माणसास तीन-चार आठवडे सहज जाते. चार दिवसांच्या स्नानास व हात धुण्यास तिचा तिसरा हिस्सा पुष्कळ झाला. याच्या उलट बहुतेक मुलें काय आणतात? साबणाची अख्खी वडी, १५० ग्रॅमची टूथपेस्ट, २०० मिलिलिटर तेलाची बाटली व तेवढीच शाम्पूची. त्यांचें वजन ६०० ग्रॅमांच्या घरांत जातें. गरज मात्र पाऊणशें ग्रॅमांच्या आंतबाहेरची. एका मुलामागें अर्धा किलो अधिक, म्हणजे चाळीस मुलांमागें २० किलो ओझें आपण विनाकारण गाडींत चढवितों व उतरवितों. मुलांनीं हें केवळ माझ्या शब्दावर खरें मानूं नये. घरची साबणाची नवी वडी दुकानाच्या ताग्यावर तोलावी, आठ दिवसांनीं वाळवून पुन्हा तोलावी, आणि रोजचा खर्च स्वतः काढावा.

थोडें नेण्यासाठीं नवीं भांडीं विकत घ्यावयास नकोत. साबण सुरीनें कापून घ्यावा. औषधाची रिकामी लहान बाटली गरम पाण्यानें व सोड्यानें स्वच्छ धुवून, पूर्ण वाळवून तेलास वापरावी, व तिजवर नांवाची चिठ्ठी अवश्य चिकटवावी. टूथपेस्टची नळी घरांतील संपत आलेलीच न्यावी. ही दाबून रिकामी करावयाची नळी मुळांत दातांसाठीं निघालेलीच नव्हे. जॉन रँड नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें आपले तैलरंग वाळूं नयेत म्हणून १८४१ सालीं ती कथलाची केली. दातांच्या लेपास ती पुढें कित्येक वर्षांनीं मिळाली. तिची खुबी ही कीं, जेवढें बाहेर काढावें तेवढीच ती आकसते व आंत वारा शिरत नाहीं.

या वाऱ्याचाच विचार करून बाटली बंद करावयाची असते. अर्धी रिकामी बाटली अधिक सुरक्षित, असा पुष्कळांचा समज आहे; वस्तुतः ती अधिक गळते. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारें ४०० मीटर उंच, तर महाबळेश्वर सुमारें १,३५० मीटर. गाडी घाट चढून गेली म्हणजे बाहेरील हवेचा दाब सुमारें एकदशांशानें उतरतो. परभणीस बाटलींत कोंडलेली हवा तेथें फुगते व झांकणाच्या फटींतून तेलास बाहेर ढकलते. बाटलींत हवा जितकी अधिक, तितका हा जोर अधिक. म्हणून प्लास्टिकची मऊ बाटली बंद करतांना ती किंचित् दाबून हवा बाहेर काढावी व मग झांकण फिरवावें. झांकणाखालीं प्लास्टिकचा लहान तुकडा ठेवून आवळल्यास फटही राहत नाहीं.

खोबरेल तेलाचा दुसरा एक धोका आहे, व तो आम्हीं भोगला आहे. हें तेल सुमारें २४ अंशांवर वितळतें. आपल्या परभणीची थंडी प्रसिद्धच आहे. येथील कृषि विद्यापीठांत पारा पांच अंशांच्या खालीं गेल्याच्या नोंदी आहेत. मघां सांगितलेल्या सहलींत पहांटे निघतांना एका मुलाच्या बाटलींतील तेल दगडासारखें गोठलेलें होतें. झांकण सैल होतें, पण गोठलेलें तेल कोठें सांडणार, म्हणून त्यानें तिकडे पाहिलें नाहीं. मींही पाहिलें नाहीं. दोन प्रहरीं गाडी उन्हांत तापली, तेल पातळ झालें, आणि संध्याकाळीं सामान उतरवितांना शेजारच्या मुलाची पिशवी तेलानें थबथबलेली निघाली. त्या मुलाजवळ बदलावयास एकच सदरा होता व तोच भिजला होता. तो कांहीं बोलला नाहीं, नुसता सदऱ्याकडे पाहत उभा राहिला. ज्याचें तेल सांडलें तो मुलगा चांगला निघाला. कोणीं न सांगतां त्यानें स्वतःचा एक सदरा काढून त्याच्या हातीं दिला. त्या दिवसापासून मी गाडींत चढण्यापूर्वीं प्रत्येक बाटली उलटी धरून पाहतों. पिशवी आपली असली तरी गळती शेजाऱ्याच्या घरांत शिरते.

भरण्याची रीतही ठरलेली असावी. सांडणाऱ्या वस्तु एका प्लास्टिकच्या पिशवींत उभ्या ठेवाव्या. कोरड्या वस्तु निराळ्या कापडी पिशवींत. दोन्ही पिशव्या कपड्यांच्या वर, म्हणजे मुक्कामीं पोंचतांच हातीं लागतात. ब्रश व साबण ओले कोंडूं नयेत. निघण्याच्या सकाळीं प्रथम दांत घासून ब्रश झटकून वाऱ्यावर ठेवावा व अगदीं शेवटीं भरावा. ओल्या डबींत जंतु वाढतात व साबणाचा चिखल होतो. ओला पंचा पिशवीच्या बाहेर बांधावा.

परगांवच्या पाण्याचाही थोडा विचार हवा. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखांत पुष्कळ विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी जड असतें. त्यांतील चुना व मॅग्नेशियम यांच्याशीं साबणाचा संयोग होऊन पांढरट साका बसतो. फेंस येत नाहीं व केंस चिकट होतात. अशा वेळीं मुलें साबण वाईट म्हणून आणखी घांसतात व आणखी पाणी ओततात. शाम्पूचा असा साका बनत नाहीं, म्हणून केंसांपुरता तो बरा. पाण्याच्या बाबतींत आपण उधळे होऊं नये. शेजारच्या लातुरास २०१६ सालच्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें होतें. ज्या गांवीं आपण पाहुणे म्हणून उतरतों तेथील हौदही कोणीतरी कष्टानें भरलेला असतो.

शाम्पूची एक रुपयाची पुडी प्रवासास सोयीची खरी. तमिळनाडूंतील कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांच्या कल्पनेंतून ती पुढें आली, व त्यांचे पुत्र रंगनाथन यांनीं १९८३ सालीं काढलेल्या धंद्यानें ती खेडोपाडीं पोंचविली. गरिबाच्या ऐपतींत बसणारी वस्तु म्हणून तिचें मोल आहे. परंतु रिकामी पुडी कुजत नाहीं; स्नानगृहाच्या मोरींत ती अडकते, वाऱ्यानें लेण्यांच्या पायरीपर्यंत जाते. म्हणून आम्हीं आतां सर्वांसाठीं शाम्पूची एकच मोठी बाटली शाळेच्या पेटींत ठेवतों व ज्याला हवें त्याला झांकणभर देतों. साबणाचे चार जादा तुकडे, एक तेलाची बाटली व मलमपट्टीही त्याच पेटींत असते. मुलींच्या जादा साहित्याची निराळी पेटी बाईंच्या स्वाधीन असते. मात्र ब्रश, कंगवा व पंचा या तीन वस्तु सख्ख्या भावासही देऊं नयेत. स्नेह वाटून घ्यावा, उवा व नायटा वाटून घेऊं नये.

थोडक्यांत भागविण्याची ही शिस्त पुढेंही उपयोगीं पडेल. २००६ च्या ऑगस्टांत विमानांत द्रव स्फोटकें नेण्याचा कट इंग्लंडांत उघडकीस आला. तेव्हांपासून परदेशीं जाणाऱ्या विमानांत, हातांतील सामानांत १०० मिलिलिटरांहून मोठी द्रवाची बाटली नेऊं न देण्याचा नियम बहुतेक देशांनीं केला. नवीं यंत्रें आल्यामुळें कांहीं विमानतळांवर आतां तो सैल होत आहे. परभणीचा एखादा विद्यार्थी उद्यां त्या दारांत उभा राहील, तेव्हां त्याला नवें कांहीं शिकावें लागणार नाहीं.

पालकांस एकच विनंति आहे. ही पिशवी मुलास स्वतः भरूं द्यावी. आईनें फक्त शेवटीं पाहावी. ज्यानें आपल्या हातानें भरली त्याला कोठें काय आहे हें ठाऊक असतें, आणि परततांना ब्रश मुक्कामाच्या खिडकींत राहत नाहीं. यंदाची यादी मीं वहीच्या अर्ध्या पानावर लिहिली आहे. तींत सहा जिन्नस आहेत, व त्यांतील एकही दुकानांतून नवा आणावा लागूं नये अशी काळजी घेतली आहे. यादी हातीं पडल्यावर ज्या घरीं अडचण वाटेल, त्यांनीं मुलास घरीं ठेवण्याचा विचार न करितां आधीं मला भेटावें. चूक बहुधा यादींतच असेल.