आधी मदरबोर्ड, मग प्रोसेसर

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बैल घ्यायला आलेला शेतकरी दात आणि खांदा तर पाहतोच, पण त्याच्या मनात घरच्या दावणीचा दुसरा बैल असतो. जोडी लागली नाही तर चांगल्या बैलाचेही पैसे पाण्यात. डेस्कटॉपचे सुटे भाग घेताना मात्र हे शहाणपण बाजूला पडते आणि पहिला प्रश्न येतो तो ‘प्रोसेसर कोणता?’ हाच. पैसा मोकळा असेल तर तसेही निभावते. मोजक्या पैशात पहिला प्रश्न मदरबोर्डचा हवा, कारण प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट या सगळ्यांची सोयरीक त्याच्याशी जुळवायची असते.

एएमडीच्या एएम ४ सॉकेटवर २०१७ पासूनच्या रायझनच्या अनेक पिढ्या बसतात आणि रॅम लागते डीडीआर ४. २०२२ मध्ये आलेले एएम ५ फक्त डीडीआर ५ घेते. इंटेलच्या एलजीए १७०० वर बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर चालतात, पण त्याचे काही बोर्ड डीडीआर ४ चे, काही डीडीआर ५ चे. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. बरे, भाग बसला म्हणजे चालला असेही नाही. जुन्या बी ४५० बोर्डावर रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो, पण बायोस जुने असेल तर पडदा काळाच राहतो, आणि ते अद्ययावत करायला बहुतेक बोर्डांवर आधी जुनाच प्रोसेसर लागतो! इंटेलचा १२४००एफ हा १२४०० पेक्षा थोडा स्वस्त मिळतो. मात्र ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, वेगळे कार्ड घ्या. वाचवलेल्या पैशापेक्षा ते कार्ड महाग पडते. मोठ्या शहरात अशी चूक संध्याकाळपर्यंत बदलून मिळू शकते. लोह्याहून नांदेडला जाऊन खोका उघडलेला बोर्ड परत घ्या म्हणायचे, तर दिवस मोडतो आणि वादही होतो.

कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसचेही तसेच. स्टिकरवर ४५० वॅट असते, पण प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. तिथे १८ अँपिअर लिहिले असेल तर गुणाकार २१६ वॅटच येतो.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, कार्यालयांतून निघालेला जुना ब्रँडेड संच घ्यावा. टायपिंग आणि ऑनलाइन अर्ज भरण्यापुरते काम असेल तर हे म्हणणे रास्त आहे. फक्त विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचाच प्रोसेसर अधिकृतपणे चालतो, तेवढी पिढी पाहून घ्यावी. शिवाय त्यांतल्या अनेक चपट्या संचांत एसएमपीएस त्याच घडणीचा लागतो, कार्डही अर्ध्या उंचीचेच बसते. पुढे वाढवायचा विचार असेल तर ती वाट तिथेच बंद होते.

दुकानदार जुळवून देतोच, हा दुसरा आक्षेप. देतो, पण बहुधा शिलकीतल्या मालातून. कोटेशनवर ‘बोर्ड : चांगल्या कंपनीचा’ एवढेच लिहिले असेल तर पूर्ण मॉडेल लिहून मागावे, त्या नावाने कंपनीच्या संकेतस्थळावर कोणता प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो याची यादी मिळते. रॅमच्या जागा दोन की चार, तेही तिथेच दिसते.